फलाट सातचं कोहळं

कोहळं पुन्हा वाढलं होतं.

कुमुद लांजेवारला ते फाटकातूनच कळलं. फलाट सातपाशी गर्दी होती आणि गर्दीतला जो तो दोन्ही हात पसरून हवेत माप घेत होता. काल संध्याकाळी बागेतल्या टेंभुर्णेसाहेबांच्या कवेत कसंबसं मावलेलं कोहळं आज त्यांच्याहून उंच माणसाच्या कवेतही मावेना. कोहळं म्हणजे पुण्यामुंबईकडचा लाल भोपळा. नागपुरात त्याला भोपळा म्हटलं, की भाजीवाला आधी तुमच्या तोंडाकडे पाहतो आणि मग भाव वाढवून सांगतो.

"चला, पुढं सरका, पुढं सरका," असं म्हणत कुमुद गर्दीत शिरली आणि माणसं खरोखरच सरकली. उभं आयुष्य एसटीत कंडक्टर म्हणून काढलेल्या बाईच्या आवाजात एक वजन असतं, ते निवृत्तीनंतरही जात नाही. तिने कोहळ्यावर हात फिरवला. साल फिकट राखी रंगाची, खरबरीत, आणि पहाटेच्या गारव्याने थंडगार. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली आणि मग कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघू लागली. सगळ्यांनीच पाहिलं होतं.

ही बाग म्हणजे एके काळचा एसटी डेपो. गाड्या विजेवर गेल्या, नवा डेपो शहराबाहेर झाला आणि मधली ही जागा आजूबाजूच्या लोकांना भाजीपाला लावायला मिळाली. फलाटांचे आकडे पुसायचा कंटाळा केला गेला, म्हणून वाफ्यांनाही तेच आकडे राहिले. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा कुमुदला फलाट सात निघाला. पवनीची गाडी तिथूनच सुटायची आणि कुमुदने त्या गाडीच्या इतक्या फेऱ्या केल्या होत्या, की चिठ्ठी उघडताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढची चिठ्ठी फलाट आठची निघाली. ती तिच्या धाकट्या जावेची, सिंधूची होती, आणि मग डोळ्यांतलं पाणी लगेच सुकलं.

जमीन मिळाली खरी, पण ती वर्षानुवर्षं डिझेल प्यायलेली. पहिल्या साली लोकांनी लावलेली मेथी पिवळी पडून मेली. त्यामुळेच शेतकी संशोधन करणाऱ्या डॉ. नुपूर गजभियेने आपला प्रयोग इथे करू द्या म्हटल्यावर कोणी नाही म्हटलं नाही. नुपूर तिशीतली, नागपूरच्या उन्हामुळे तोंडाला कायम दुपट्टा गुंडाळलेली, बोलायला लागली की तो दुपट्टा ओढून खाली करणारी. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना फलाट एकवर बसवून सांगितलं, ते असं.

झाडाच्या मुळांना एक बुरशी लागलेली असते, आणि हे लागणं कोट्यवधी वर्षांपूर्वीपासूनचं आहे. बुरशीचे धागे केसाहून बारीक असतात. मूळ पोचत नाही तिथे ते पोचतात, पाणी आणि स्फुरद झाडाला आणून देतात, आणि बदल्यात झाड त्यांना पानांत केलेली साखर देतं. एकाच बुरशीचे धागे शेजारपाजारच्या अनेक झाडांना लागलेले असतात, त्यामुळे एकाचं थोडंफार दुसऱ्याकडे जातं. निसर्गात हे जाणं इतकं कमी, की ते खरंच होतं का यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. नुपूरने बुरशीच्या पिढ्यामागून पिढ्या निवडत निवडत एक वाण तयार केलं होतं. त्याचे धागे जाड होते, एकमेकांना गुंफलेले होते, तेलकट जमिनीत जगत होते आणि नागपूरच्या मे महिन्यातही मरत नव्हते. त्याला ती जोडधागा म्हणायची. जोडधाग्यातून पाणी वाहिलं की विजेची अगदी बारीक स्पंदनं उठत. वाफ्यावाफ्यात खोचलेल्या सळया ती टिपत आणि फाटकाजवळच्या मोठ्या फलकावर त्यांच्या रेषा उमटत. पूर्वी ज्या फलकावर गाड्यांच्या वेळा यायच्या तोच हा फलक. हिरवी रेषा पाण्याची, पिवळी साखरेची, आणि ती कुठून कुठे वाहते ते चालत्या ठिपक्यांवरून कळायचं.

"म्हणजे पार्सलसारखं," कुमुद तेव्हा म्हणाली होती. "एका गाडीतून उतरवायचं, दुसरीत चढवायचं."

नुपूरला ते इतकं आवडलं की तिने पुढच्या प्रत्येक व्याख्यानात ते वापरलं.

जोडधाग्याला एकच गोष्ट कळत नव्हती, ती म्हणजे वाफ्यांमधली विटांची ओळ. वाफा कोणाचा, कोणाशी कोणाचं बोलणं बंद आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. जिथे ओढ जास्त तिथे तो माल पोचवायचा, आणि सगळ्यांत जास्त ओढ असते वाढत्या फळाची. नुपूरने हिशोब धरला होता वांगी, टोमॅटो, मिरची यांचा. फलाट सातवरची एक बाई कोहळ्याचा वेल लावेल, त्यावरची बाकीची सगळी फुलं खुडून एकच फळ ठेवेल आणि अख्ख्या बागेची ओढ त्या एका फळात येईल, हे तिच्या हिशोबात नव्हतं. फलकाकडे पाहिलं की आता सगळ्या रेषा फलाट सातकडे धावताना दिसायच्या. संध्याकाळी लोक चहाचे कप घेऊन तिथे उभे राहायचे आणि क्रिकेटचा सामना पाहावा तसा तो फलक पाहायचे.

सगळ्यांत जाड रेषा फलाट आठवरून यायची, म्हणजे सिंधूच्या वाफ्यातून.

या दोघींचं बोलणं कुमुदच्या मुलीच्या लग्नापासून बंद होतं. लांजेवारांच्या घरात लग्नाच्या पंगतीला कोहळ्याची बोंडं हवीतच. शिजवलेलं कोहळं, गूळ आणि कणीक मळून तळायची, आणि ती घरच्या सुनेने तळायची, अशी त्यांच्या सासूबाईंची, अनसूयाबाईंची पद्धत. सासूबाईंच्या हातची चव फक्त सिंधूच्या हातात उतरली होती. ती तयारीनिशी आली, आणि पाहते तो केटररच्या माणसांनी बोंडं तळून परातीत रचलेली. तुला त्रास नको म्हणून त्यांनाच सांगितलं, असं कुमुद म्हणाली. सिंधू न जेवता निघून गेली. तेव्हापासून एकमेकींशी जे काही बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून, आणि बागेत ते तिसरं तोंड बहुतेक वेळा नुपूरचं असायचं.

"नुपूर, त्यांना सांग, त्यांचा पाईप माझ्या मिरचीवर पडून राहिला," सिंधू म्हणायची. कुमुद हाताच्या अंतरावर उभी असायची. ती पाईप उचलता उचलता नुपूरला म्हणायची, की त्यांना सांग, उचलला. नुपूर बिचारी दोन्हीकडे मान डोलवायची.

आणि कोहळ्याचं हे बियाणंही अनसूयाबाईंचंच होतं. माहेराहून येताना त्यांनी ते पदराला बांधून आणलं होतं म्हणे. पावडरच्या एका जुन्या डब्यात ते कुमुदकडे राहिलं. फळ जाड सालीचं, आत गर्द केशरी, चवीला असं की नुसतं उकडून खावं. पण वेल हळू वाढायचा आणि रंग फिका, म्हणून कोणाच्या नजरेत भरायचा नाही. गेल्या साली बियाण्यांच्या अदलाबदलीच्या दिवशी कुमुदने पुड्या बांधून टेबलावर मांडल्या. लोकांनी बाजारातल्या रंगीत पाकिटांतलं बियाणं उचललं आणि तिच्या पुड्या संध्याकाळी होत्या तशाच घरी परत आल्या. ते तिला फार लागलं. या साली तिने होतं नव्हतं ते सगळं बियाणं लावलं, पण त्यातल्या बहुतेक बिया रुजल्याच नाहीत. एकच वेल वर आला, तो हा.

म्हणून तिला यंदाची स्पर्धा जिंकायची होती. अक्षय तृतीयेला बागेचा मेळा भरायचा आणि मेळ्यात सर्वांत वजनदार कोहळ्याला पहिला नंबर मिळायचा. ज्याचं कोहळं पहिलं, त्याच्या बिया शहरातल्या सगळ्या बागांना त्या वाणाच्या नावाने वाटल्या जायच्या. अनसूया कोहळं. नाव तिने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. रोज सकाळी फाटकातून येताना ती ते मनातल्या मनात एकदा म्हणायची.

टेंभुर्णेसाहेब हे एकच खरे प्रतिस्पर्धी. बँकेतून निवृत्त झालेले, नीटनेटके. त्यांनी जोडधागा घ्यायला नकार देऊन फलाट बारावर सिमेंटची टाकी बांधली होती आणि तिच्यात आपलं कोहळं लावलं होतं. आपल्याला कोणाचं उसनं नको, असं ते म्हणायचे. त्यांचं कोहळं लालभडक आणि देखणं होतं, पण कुमुदच्या कोहळ्यापुढे आता ते पोर वाटायला लागलं होतं.

पण जसजसं कोहळं वाढलं तसतशी कुरबुरही वाढली. आमचे टोमॅटो लहान का राहिले, असं एकाने विचारलं. मग दुसऱ्याला आपली वांगी लहान दिसली. शेवटी बैठक बसली आणि फलाट सातभोवती खोल चर खणून धागे तोडावेत, अशी सूचना आली. नुपूरने सांगून पाहिलं की उत्पन्न गेल्या सालापेक्षा सगळ्यांचंच जास्त आहे, फक्त कोहळ्याचं फार जास्त आहे. कोणी ऐकेना. कुमुदचा चेहरा उतरला. ती काही म्हणणार तोच कोपऱ्यातून सिंधूचा आवाज आला.

"नुपूर, यांना सांग, सगळ्यांत जास्त माझ्याच वाफ्यातून जाऊन राहिलं. मले चालते. घरचं कोहळं आहे ते."

एवढं बोलून ती बसली आणि पिशवीतली मेथी निवडायला लागली. ज्या बाईचं सगळ्यांत जास्त जात होतं तिचीच तक्रार नाही म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला तोंड उरलं नाही. चराचा विषय तिथेच संपला. कुमुदला तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण नऊ वर्षं न बोलल्यावर पहिला शब्द कोणता काढावा हे तिला सुचेना. तिने नुपूरला सांगितलं, की त्यांना सांग, ऐकलं मी.

मेळा जवळ आला. मंडपाचे बांबू आले, वजनकाटा आला, बोंडांच्या आणि पन्ह्याच्या दुकानांसाठी जागा आखल्या गेल्या. दरवर्षी येतात त्याहून दुप्पट लोक येणार अशी बातमी पसरली होती, आणि त्यातले निम्मे कोहळं पाहायला येणार हे उघड होतं. कुमुद रात्री आनंदाने झोपायची नाही आणि सकाळी आनंदाने लवकर उठायची.

आणि मेळा तीन दिवसांवर असताना शहराच्या त्या भागाची मोठी जलवाहिनी फुटली.

ऊन तर असं होतं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना. टँकर आले, पण ते घरांपुरते. बागेला थेंब नाही. पहिल्याच दुपारी मिरचीने माना टाकल्या. दुसऱ्या दुपारी वांग्यांची पानं वाळलेल्या कागदागत झाली आणि फलकावरच्या रेषा एकेक करून विझत गेल्या. माणसं आपापल्या वाफ्यापाशी हात बांधून उभी होती. घरचं पिण्याचं पाणी आणून घालायचं म्हटलं तर एका वाफ्यालाही पुरणार नव्हतं.

संध्याकाळ होत आली तेव्हा नुपूर फलकाजवळून ओरडत पळत आली. दुपट्टा मागे कुठेतरी पडला होता.

"काकू! रेषा उलट्या चालून राहिल्या!"

सगळे धावले. फलक पुन्हा पेटला होता. फलाट सातवरून हिरव्या रेषा निघत होत्या, आठकडे, सहाकडे, समोरच्या रांगेकडे, आणि त्यांतले ठिपके कोहळ्याकडून बाहेर धावत होते. नुपूर धापा टाकत सांगत होती, की पाणी नेहमी जिथे ओढ जास्त तिथे जातं. आजवर ओढ फळाची होती. आता तहानलेल्या पानांची ओढ फळाहून जास्त झाली. टोमॅटोवर, द्राक्षांवर हे आधी पाहिलेलं आहे, कडक उन्हात वेल आपल्याच फळातलं पाणी परत ओढून घेतो. पण इथे एक वेल नव्हता, अख्खी बाग होती. बागेने महिनाभर जे कोहळ्यात साठवलं ते बाग आता परत मागत होती.

"असं कोणीच पाहिलं नाही अजून," नुपूर म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, की माझी वांगी उभी राहिली. मग दुसरं कोणी ओरडलं. माणसं वाफ्याकडून फलकाकडे आणि फलकाकडून वाफ्याकडे पळत होती. कुमुदही पळाली, पण ती कोहळ्याकडे. तिने हात ठेवला. काल टणक लागलेली साल बोटाखाली किंचित दबली.

तिचा जीव एकीकडे आनंदाने वर आला आणि दुसरीकडे खाली बसला.

टेंभुर्णेसाहेब तिच्यामागे येऊन उभे होते. ते प्रतिस्पर्धी असले तरी माणूस सरळ. नियमाप्रमाणे फळ दोन दिवस आधी कापून सावलीत ठेवता येतं, याची त्यांनी आठवण करून दिली. आज कापलं तर वजन आहे तेवढं राहील, मेळ्यापर्यंत वेलावर ठेवलं तर काय उरेल ते सांगता येत नाही. लढत बरोबरीची व्हावी, अशी त्यांची इच्छा होती.

कुमुदने नुपूरला बाजूला घेऊन बियांचं विचारलं. पाणी असं निघून गेलं तर बिया भरतील की पोकळ राहतील? नुपूरने खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. झाड बी शेवटपर्यंत सांभाळतं असं तिला वाटत होतं, पण इतकं पाणी एका फळातून कधी गेलेलंच नव्हतं.

म्हणजे आता फक्त नंबराचा प्रश्न राहिला नाही. कापलं नाही तर नंबरही जाईल आणि सासूबाईंचं बियाणंही जाईल. शेवटचा वेल होता तो.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुमुद विळा घेऊन बागेत आली. रात्रभर विचार करून तिने कापायचं ठरवलं होतं. बाग काय, पुढच्या साली पुन्हा लावता येईल. वांगी काय, बाजारात मिळतात. हे कोहळं बाजारात मिळत नाही. असं स्वतःला समजावत ती फलाट सातपाशी पोचली आणि थबकली, कारण फलाट आठवर सिंधू बसली होती. ती वाळकी पानं खुडत होती. तिची मिरची ताठ उभी होती, आणि तिच्यावरची फुलंही गळलेली नव्हती. सिंधूने विळ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मध्ये बोलायला नुपूर नव्हती.

कुमुद कोहळ्याजवळ बसली. देठ मनगटाएवढा होता. तिने विळा लावला आणि तिथून नजर वर करून सबंध बागेकडे पाहिलं. समोरच्या रांगेतला लहानसा पालक हिरवा होता. त्यापलीकडची दोडक्याची वेल रात्रीतून मांडवाला धरून वर चढली होती. सगळी बाग तिच्या कोहळ्याच्या जिवावर उभी होती, आणि अजून चढायचे राहिलेले कितीतरी होते. कोपऱ्यातला लाल माठ अजून मान टाकून होता. त्याच्यापर्यंत पाणी पोचलंच नव्हतं.

आणि कुमुदच्या लक्षात आलं, की तिचा उजवा हात विळा सोडून वर गेला आहे. तिथे दोरी नव्हती, पण हात दोरी शोधत होता. एसटीत एक घंटा दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते. कुमुदने नोकरीभर एक गोष्ट पाळली होती. पायरीवर माणूस असताना तिने दोन घंटा कधी दिल्या नाहीत. ड्रायव्हर कुरकुरायचे, उशीर व्हायचा, साहेब बोलायचे. तरी शेवटचा माणूस आत चढल्याशिवाय तिची डबल बेल झाली नाही.

तिने विळा उचलून विटांवर ठेवला.

"चढू दे अजून," ती म्हणाली. ती कोणाशी बोलली ते तिलाही ठाऊक नव्हतं. सिंधूने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

कोहळं कापलं नाही ही बातमी सकाळी फाटक उघडताच पसरली. त्या दिवशी दुपारी ज्यांना ज्यांना सवड मिळाली ते सगळे बागेत आले. कोहळं डोळ्यांदेखत बसत चाललं होतं, साल सैल पडून तिला घड्या पडायला लागल्या होत्या, आणि फलकावर रेषा पसरत पसरत कोपऱ्यापर्यंत निघाल्या होत्या. लाल माठाची रेषा पेटली तेव्हा मंडपवाल्यांनी हातातले बांबू टाकून टाळ्या वाजवल्या. ज्यांनी बैठकीत चर खणायचं म्हटलं होतं, ते कुमुदला सावली व्हावी म्हणून छत्री धरून उभे होते. छत्री कोहळ्यावर धरा, असं तिने त्यांना दरडावलं.

अक्षय तृतीया उजाडली. या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने घरोघर पाण्याची घागर देतात. टँकरचं का होईना, पाणी घरात आलं होतं. मेळा सुरू व्हायच्या आधी सिंधू फाटकातून आली, तिच्या कमरेवर मातीची घागर होती. ती फलाट आठवर गेली नाही. ती सरळ फलाट सातवर आली, वेलाच्या बुडाशी बसली आणि घागर हळूहळू रिकामी केली.

"सासूबाईंच्या नावाची," ती म्हणाली. या वेळी तिने नुपूरला मध्ये घेतलं नाही, पण कुमुदकडेही पाहिलं नाही.

मग काय झालं ते नुपूर पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली. सिंधूच्या मागे दुसरी घागर आली, मग तिसरी. कोणी आईच्या नावाची आणली, कोणी आजोबांच्या. ज्याच्या घरी घागर नव्हती त्याने पितळी कळशी आणली. आपापल्या वाफ्यात ओतलं असतं तर वरच्यावर वाळून गेलं असतं, पण वेलाची मुळं खोल गेलेली होती आणि तिथून धागे सगळीकडे जात होते. प्रत्येक घागरीबरोबर फलकावर एक हिरवी लाट उठे आणि टोकापर्यंत धावत जाई. मेळ्याला आलेले परके लोक विचारत होते की हे काय चाललं आहे, आणि बागवाले एकाच वेळी सगळे मिळून सांगायला लागत, त्यामुळे कोणालाच काही कळत नव्हतं.

दुपारी वजनं झाली. टेंभुर्णेसाहेबांचं कोहळं पहिलं आलं. कुमुदचं कोहळं देठ कापून चार जणांनी अलगद उचलून काट्यावर ठेवलं तेव्हा ते एका बाजूला कललं, आणि त्याचा नंबर तिसराही लागला नाही. टाळ्या वाजल्या. कुमुदनेही वाजवल्या आणि मनापासून वाजवल्या, पण तिचा जीव काट्यावर नव्हता.

"विळा दे," ती नुपूरला म्हणाली.

गर्दी जवळ आली. विळा सालीत शिरायला वेळ लागला, इतकी ती चामट झाली होती. दोन्ही हातांनी जोर करून कुमुदने फोड उचकटली. आतला गर अंगाने आक्रसलेला होता, पण केशरी, गर्द केशरी, आणि त्याचा गोड वास भर उन्हात सगळीकडे पसरला. तिने बोटं आत घातली. बी हाताला लागलं. तिने ते अंगठ्याने दाबून पाहिलं, मग दुसरं, मग मूठभर काढून दाबून पाहिलं.

"भरलेलं आहे," ती म्हणाली. तिने मूठ उघडून सगळ्यांना दाखवली. "सगळं भरलेलं आहे."

झाडाने पाणी दिलं होतं, बी दिलं नव्हतं. नुपूर गुडघे टेकून बसली आणि तिने आपलं तोंड दुपट्ट्यात लपवलं.

पहिला हात पुढे आला तो बैठकीत टोमॅटोबद्दल बोललेल्या माणसाचा. त्याने दोन बिया मागितल्या. मग रांग लागली. परक्या बागांतून आलेले लोकही त्या रांगेत होते. कुमुदने सवयीने रांग सरळ केली, पुढं सरका म्हणाली आणि एकेकाच्या तळहातावर बिया ठेवत गेली. प्रत्येकाला नाव सांगितलं, अनसूया कोहळं. रांगेच्या शेवटी टेंभुर्णेसाहेब उभे होते. पहिल्या नंबराचा हार त्यांच्या गळ्यात होता. त्यांचं बियाणं बाजारच्या पाकिटातलं, संकरित असल्यामुळे पुढच्या साली तसंच फळ येईल याचा भरवसा नव्हता. तेव्हा मेळ्याच्या मंडळाने या साली वाटायला हेच बियाणं घ्यावं, असं मी लिहून देतो, असं ते म्हणाले. आणि मलाही चार द्या, मी यंदा टाकी फोडतो आहे, असंही ते म्हणाले.

गर्दी पांगली तेव्हा टेबलावर कोहळ्याच्या फोडींचा ढीग उरला होता. कुमुदने तो पाहिला. फलाट आठच्या बाजूला सिंधू मिरचीच्या पानांवरची धूळ पुसत होती, जशी काही आज तीच एक गोष्ट करायची राहिली होती. नुपूर दोघींच्या मध्ये उभी होती. कुमुदने नुपूरच्या खांद्यावर हात ठेवून तिला हळूच बाजूला केलं.

"सिंधू," ती म्हणाली, "बोंडं तू कर. मले नाही जमत. तेव्हाही नसते जमले, अन् केटररलेही नाही जमले. तुलेच सांगायला पाहिजे होतं मी."

सिंधूने पान सोडलं. सवयीने तिचं तोंड नुपूरकडे वळलं. "नुपूर, त्यांना सांग," ती म्हणाली आणि थांबली. नुपूर फलकाकडे पाहत पाठ करून उभी होती, मुद्दाम. सिंधूने पदराला हात पुसले आणि ती विटांची ओळ ओलांडून अलीकडे आली.

"गूळ मी सकाळीच चिरून ठेवला, जाऊबाई," ती म्हणाली. "कढई तुमची आणा. मोठी लागंल."